तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही? अ‍ॅड्रिनल ग्रंथी तपासून घ्या, लकव्याचा धोका तिथे जास्त आहे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

बीपीच्या तीन-तीन गोळ्या चालू आहेत, मीठ कमी केलंय, तरी वरचा आकडा १६० सोडत नाही, असे पेशंट सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही ओपीडीत दिसतात. त्यांना बहुतेक वेळा चौथी गोळी मिळते. हे बीपी अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून तर येत नाही ना, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. तो विचारायला हवा, कारण या बीपीत लकव्याचा धोका तेवढ्याच आकड्याच्या साध्या बीपीपेक्षा जास्त असतो, आणि कारण सापडलं तर त्यावर नेमका इलाज आहे.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपी चढवावी तशा या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल येतं, आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. यातलं काहीही प्रमाणाबाहेर गेलं की बीपी चढतं. सगळ्यात जास्त आढळतं ते अल्डोस्टेरॉनचं दुखणं. मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी ते १९५५ साली नीट मांडलं म्हणून कॉन सिंड्रोम, हल्ली प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. एरवी अंगात मीठ-पाणी वाढलं की रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, अल्डोस्टेरॉनला चालना देणारं द्रव्य) उतरतं आणि त्यापाठोपाठ अल्डोस्टेरॉनही उतरतं. या आजारात रेनिन तळाला गेलं तरी अल्डोस्टेरॉन स्रवतच राहतं. तपासणीची सगळी मदार या एका गोष्टीवर आहे.

आता धोका किती ते. फ्रान्समधल्या २००५ च्या एका अभ्यासात या आजाराचे १२४ पेशंट आणि साध्या बीपीचे ४६५ पेशंट शेजारी ठेवून पाहिले. वय सारखं, बीपीही सारखं. लकवा होऊन गेलेले पहिल्या गटात १२.९ टक्के, दुसऱ्यात ३.४ टक्के. पुढे २०१८ साली ३१ अभ्यास एकत्र करून हिशेब केला गेला, त्यात लकव्याची शक्यता सुमारे अडीच पट आणि एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे अनियमित ठोके) साडेतीन पट निघाली.

आकडा सारखा असूनही फरक पडतो, कारण जास्तीचं अल्डोस्टेरॉन रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि हृदयाचा स्नायू कडक करतं. मेंदूतल्या बारीक वाहिन्या फुटण्याची किंवा बंद होण्याची शक्यता वाढते. दुसरीकडे हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरू लागले की तिथे रक्ताची गाठ धरते आणि तीच सुटून मेंदूत जाते. म्हणून घरच्या बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढायलाच हवा. ती खूण मशीनचा बिघाड समजून सोडून देऊ नका.

तासगावची_माई

डॉक्टर, पोटॅशियम नॉर्मल असेल तर हा आजार नाही असं धरायचं का? बऱ्याच ठिकाणी तेवढंच बघून विषय संपवतात.

कृष्णाकाठ

नाही माई, इथेच सगळ्यात जास्त पेशंट सुटतात. या आजाराच्या बहुसंख्य लोकांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. कमी असेल तर संशय पक्का होतो, नॉर्मल असेल तर काहीच सिद्ध होत नाही. शिवाय आपल्याकडे जेवणात मीठ आधीच कमी केलेलं असेल तर लघवीवाटे पोटॅशियम जाणंही कमी होतं आणि रिपोर्ट छान दिसतो.

कोणी तपासून घ्यावं? लघवीची गोळी धरून पूर्ण मात्रेत तीन औषधं आणि तरी बीपी १४०/९० च्या वर, किंवा चार औषधांवर कसंबसं ताब्यात. पोटॅशियम ३.५ च्या खाली, मग ते आपोआप असो की लघवीच्या गोळीमुळे. पोटाच्या सोनोग्राफीत किंवा सीटीत सहज सापडलेली अ‍ॅड्रिनलची गाठ. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं. घरात चाळिशीच्या आत कुणाला बीपी किंवा लकवा. एट्रियल फिब्रिलेशन, ज्याचं दुसरं कारण सापडत नाही. ही यादी जुनी आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०२५ च्या मार्गदर्शनात बीपीच्या सगळ्याच पेशंटची एकदा तपासणी सुचवली आहे. माझ्या मते आपल्याकडे निदान वरच्या यादीतला एकही माणूस तपासणीशिवाय राहू नये.

मिरजेची_लॅब

तपासणीचं नाव अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो. सुई टोचण्यापासून नमुना पोचेपर्यंत ती बिघडायच्या इतक्या जागा आहेत की जरा सविस्तर लिहितो.

वेळ सकाळची, पण उठल्या उठल्या नाही. उठून हिंडून-फिरून किमान दोन तास झालेले असावेत, मग पाच ते पंधरा मिनिटं खुर्चीत शांत बसवून रक्त घ्यायचं. आडवं झोपवून घेतलेला नमुना या रेशोला चालत नाही.

मूठ उघड-मीट करायला सांगू नका. दंडाला बांधलेला पट्टा शिर सापडली की सैल करा, पाच-दहा सेकंद थांबा आणि मग रक्त ओढा. मूठ आवळल्याने आणि रक्तपेशी फुटल्याने पोटॅशियम खोटं वाढतं. मुळात ३.२ असलेला माणूस कागदावर ३.८ होतो आणि सुटतो.

आता रेनिन. नमुना ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घेतात, आणि आपल्याकडे सवय अशी की ट्यूब भरली की बर्फाच्या डब्यात. इथे तसं करायचं नाही. गारठ्यात प्रोरेनिनचं (रेनिनच्या कच्च्या रूपाचं) रेनिन होतं, आकडा खोटा वाढतो, रेशो उतरतो आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. ट्यूब खोलीच्या तापमानात ठेवायची, लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा, आणि मग तो प्लाझ्मा झटकन गोठवून पाठवायचा. विटा, कराड, फलटणच्या कलेक्शन सेंटरवरून नमुने पुण्या-मुंबईला जातात. तेव्हा तिथे सरळ विचारा, "प्लाझ्मा इथेच वेगळा करता का?" उत्तर नाही असेल तर ज्या लॅबमध्ये ती सोय आहे तिथे जाऊन रक्त द्या.

वाई_वाचक

आणि रेशो काढायचा कसा? रिपोर्टवर दोन वेगळी एककं असतात, त्यात गोंधळ होतो.

मिरजेची_लॅब

बरोबर पकडलंत. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घ्या. रिपोर्ट पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असेल तर दहाने भागा. पिकोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर २७.७ ने भागा. मग रेनिन कुठल्या पद्धतीचं आहे ते पाहा, कारण त्यावर मर्यादा बदलते. रेनिन अ‍ॅक्टिव्हिटी असेल, म्हणजे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास, तर रेशो २० च्या वर संशयास्पद आणि ३० च्या वर जास्तच. डायरेक्ट रेनिन असेल, म्हणजे मिलियुनिट प्रति लिटर किंवा मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर (दोन्ही एकच), तर मर्यादा सुमारे २.५.

उदाहरण घ्या. अल्डोस्टेरॉन १८० पिकोग्रॅम, म्हणजे १८ नॅनोग्रॅम. रेनिन अ‍ॅक्टिव्हिटी ०.४. अठरा भागिले ०.४ म्हणजे ४५. हा रेशो नक्की पुढे न्यायचा. आता दुसरा माणूस: अल्डोस्टेरॉन ४, रेनिन ०.१, रेशो ४०. दिसायला सारखंच, पण इथे अल्डोस्टेरॉनच कमी आहे आणि निव्वळ रेनिन तळाला असल्याने भागाकार फुगलाय. म्हणून रेशोबरोबर अल्डोस्टेरॉन दहाच्या आसपास किंवा वर आहे का, आणि रेनिन खरंच दबलेलं आहे का (अ‍ॅक्टिव्हिटी १ किंवा कमी, डायरेक्ट ८ च्या आसपास किंवा कमी), हे तिन्ही एकत्र वाचतात.

औषधपेटी_कराड

गोळ्यांबद्दल मी लिहिते, कारण काउंटरवर रोज हाच घोळ दिसतो.

स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन (अल्डोस्टेरॉनचं काम अडवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर रेशोचा अर्थ लावणं अवघड होतं, ती चार आठवडे बंद असावी असा जुना शिरस्ता आहे. लघवीच्या गोळ्यांनी आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांनी रेनिन वाढतं, म्हणून आजार लपू शकतो. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांनी रेनिन उतरतं, म्हणून नसलेला आजार दिसू शकतो. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकनेही तसंच होतं. टेस्टच्या काळात बीपी सांभाळायला डॉक्टर प्राझोसिन, व्हेरापामिल किंवा हायड्रालाझिन देतात, त्यांनी फारसा फरक पडत नाही.

गोळीच्या नावापुढे "एच" असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. "लघवीची गोळी घेता का?" या प्रश्नाला पेशंट प्रामाणिकपणे नाही म्हणतो, आणि ती त्याच्या एकाच गोळीत दडलेली असते. म्हणून लॅबला जाताना पाकिटं घेऊन जा.

आणि जेष्ठमध. घसा बसला की काढ्यात, पानात, चूर्णात आपल्याकडे सर्रास घेतात. रोज बराच काळ घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, अगदी या आजारासारखंच, फक्त अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही कमी असतात. टेस्टआधी काही आठवडे पूर्ण बंद.

वारणेचा_मास्तर

औषधपेटीताई, यावर थोडा आक्षेप आहे. "चार आठवडे बंद" वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या सोडल्या तर टेस्टच्या आधीच लकवा होईल.

औषधपेटी_कराड

आक्षेप मान्य, मास्तर. कुणीही स्वतःहून एकही गोळी थांबवू नये. क्लोनिडिन आणि मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या तर एकदम सोडल्या की बीपी उसळतं.

कृष्णाकाठ

मास्तरांच्या मुद्द्यावर आणखी एक. आता आधी चालू गोळ्यांवरच टेस्ट करण्याकडे कल आहे. टेल्मिसार्टनने रेनिन वाढायला हवं. ते घेत असतानाही रेनिन तळाला असेल तर संशय उलट बळकट होतो. रिपोर्ट धूसर आला तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं बदलून परत करायचं. ज्याला आधी लकवा झालाय किंवा ज्याचं बीपी १८० च्या आसपास आहे त्याला गोळ्यांविना ठेवूच नये.

दोन तयारी मात्र विसरू नका. पोटॅशियम आधी ४ च्या आसपास आणून घ्यायचं, कारण कमी पोटॅशियमने अल्डोस्टेरॉन दबतं आणि टेस्ट खोटी नॉर्मल येते. आणि टेस्टच्या आधीचे काही दिवस मीठ अगदी तोडायचं नाही, नेहमीचं जेवण घ्यायचं. पथ्य नंतर आहेच.

रेशो वाढलेला आला की पुढची पायरी खात्री करण्याची. एक पद्धत अशी: सकाळी चार तासांत दोन लिटर सलाइन शिरेतून देतात आणि शेवटी अल्डोस्टेरॉन मोजतात. एवढं मीठ-पाणी जाऊनही ते दहाच्या वर राहिलं तर निदान पक्कं, पाचच्या खाली गेलं तर नाही, मधलं अनिश्चित. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि बीपी अनावर असलेल्यांना हे देत नाहीत. पोटॅशियम आपोआप कमी, रेनिन मोजता न येण्याइतकं कमी आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर, असं तिन्ही असेल तर ही पायरी गाळता येते.

मग सीटी. पण नुसत्या सीटीवर ऑपरेशन ठरवू नये. चाळिशी-पन्नाशीनंतर निरुपद्रवी गाठी बऱ्याच जणांना असतात, आणि खरं अल्डोस्टेरॉन दुसऱ्या बाजूने येत असू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घेऊन तुलना करतात. उजवी शीर आखूड असते आणि सरळ महाशिरेत उघडते, तिथे नळी बसवणं कठीण जातं. यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर रेडिओलॉजिस्ट ही तपासणी नियमित करतो का हे आधी विचारून घ्या. पस्तिशीच्या आतला पेशंट, ठळक आजार आणि एकाच बाजूला स्पष्ट गाठ, एवढं जुळलं तरच ही तपासणी टाळतात.

भूलशास्त्र_सातारा

ग्रंथीच्या गाभ्यातली गाठ, फिओक्रोमोसायटोमा, याबद्दल कुणी लिहिलं नाही. ती दुर्मिळ आहे, पण मेंदूत रक्तस्राव घडवायला एक उसळी पुरते.

चित्र असं असतं: अचानक डोकं फुटेल असं दुखतं, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, चेहरा पांढराफटक पडतो. बीपी २२० पर्यंत जातं आणि अर्ध्या तासात उतरतंही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल, आणि मग "पॅनिक अटॅक" लिहून देतात. उसळी चालू असतानाच घरी बीपी मोजून, वेळ टाकून लिहून ठेवलंत तर निदानाला त्याची मोठी मदत होते. भूल देताना, पोटाचं ऑपरेशन होताना, उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रामाइडच्या इंजेक्शनने, सर्दीच्या गोळ्यांनी ही उसळी येऊ शकते.

तपासणी म्हणजे रक्तातली किंवा २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनपासून बनणारी द्रव्यं). रक्ताची असेल तर २० ते ३० मिनिटं शांत आडवं झोपवून मगच नमुना, म्हणजे रेशोच्या अगदी उलट. लघवीची असेल तर सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून वेळ मोजायची आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची पहिली धरायची. लॅबच्या कॅनमध्ये अ‍ॅसिड असतं, त्यात थेट लघवी करू नका, वेगळ्या भांड्यात धरून हळू ओता. मधली एक वेळ चुकली तर लपवू नका, नवीन कॅन घ्या.

आणि एक नियम सगळ्यांनी पाठ करावा. या गाठीचा संशय असेल तर धडधड थांबवायला आधी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल द्यायचं नाही. त्याने वाहिन्या पसरण्याची एक वाट बंद होते, आकुंचन तसंच राहतं आणि बीपी आणखी उसळतं. आधी प्राझोसिन, डॉक्साझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामिन, सोबत भरपूर पाणी आणि मीठ, असे एक ते दोन आठवडे, नंतर गरज पडली तर बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी गोळी) आणि मग ऑपरेशन. अ‍ॅड्रिनलच्या कुठल्याही गाठीला सुई घालून तुकडा काढण्याआधी ही तपासणी झालेली असलीच पाहिजे.

तासगावची_माई

चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक राहतात, ते कॉर्टिसॉलचं ना? त्यातही लकवा?

कृष्णाकाठ

हो, कुशिंग. त्यात बीपीसोबत साखर वाढते आणि रक्त गोठायची प्रवृत्तीही वाढते. पोटावर जांभळे रुंद पट्टे, हात न टेकता खुर्चीतून उठता न येणं, सहज काळंनिळं पडणं, ही खरी लक्षणं. नुसत्या लठ्ठपणात ती नसतात. तपासणी सोपी: रात्री ११ ते १२ दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम, सकाळी ८ ते ९ ला कॉर्टिसॉल. १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आलं तर पुढे तपासायचं. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटची फेनिटॉइन आणि संततिनियमनाच्या गोळ्या यांमुळे ही टेस्ट खोटी वाढलेली येते, ते आधी सांगा.

त्याआधी बाहेरून स्टेरॉइड जातंय का ते पाहा. ऊसतोडीच्या हंगामात अंगदुखीला बिननावाच्या पुड्या घेतल्या जातात, एका दिवसात आराम पडतो, आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. महिनोन्‌महिने चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका. स्वतःची ग्रंथी तोवर झोपलेली असते. एकदम बंद केली तर बीपी आणि साखर कोसळून जीव जाऊ शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

वाई_वाचक

आणि लकवा झालाच तर? पहिल्या तासात घरच्यांनी काय करायचं?

वारणेचा_मास्तर

हे गावोगाव सांगण्यासारखं आहे. तोंड वाकडं, हात खाली घसरतो, बोलणं जड, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. यातलं एकही दिसलं की १०८ लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास, आणि ती त्या वेळेपासून मोजतात. जत, आटपाडीहून मिरज गाठायला दोन तास सहज जातात, तेव्हा वाटेतल्या बिनसीटीच्या दवाखान्यात सलाइन लावत बसू नका. फोन करून सीटी २४ तास चालू आहे का विचारा आणि थेट तिथे चला.

घरात एस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव आहे की गाठ ते सीटीशिवाय कळत नाही. बीपी २०० दिसलं म्हणून जादा गोळी किंवा जिभेखाली निफेडिपिन तर अजिबात नको. गाठीच्या लकव्यात बीपी झपाट्याने पाडलं तर मेंदूचा आणखी भाग मरतो. ते किती आणि कधी उतरवायचं हे रुग्णालय ठरवतं, इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणतात. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही नको. अ‍ॅड्रिनलची गाठ माहीत असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

वाई_वाचक

शेवटचा प्रश्न. ऑपरेशन झालं की गोळ्या सुटतात का? आणि ज्याला ऑपरेशन नाही त्याचं काय?

कृष्णाकाठ

एकाच बाजूचा आजार असेल तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. २०१७ साली अनेक देशांतल्या केंद्रांचा एकत्र आढावा निघाला, त्यात रक्तातला बिघाड ९४ टक्के जणांचा पूर्ण सुटला, पण सगळ्या गोळ्या सुटून बीपी नॉर्मल फक्त ३७ टक्के जणांचं झालं. बाकी बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी झाल्या. जितकी वर्षं उशीर, तितक्या वाहिन्या कडक, तितकी गोळ्या सुटण्याची शक्यता कमी.

दोन्ही बाजूंचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोन, सुरुवात १२.५ किंवा २५ मिलिग्रॅम, दर काही आठवड्यांनी वाढवत. सुरू केल्यावर आठवड्याभरात आणि परत महिन्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. पुरुषांच्या छातीला सूज किंवा दुखरेपणा आला तर एप्लेरेनोनवर बदलतात. हे चालू असताना लो सोडियम मीठ घ्यायचं नाही, त्यात पोटॅशियम असतं. रोजचं शहाळं आणि पोटॅशियमचं सिरपही बंद. सैंधवात मात्र पोटॅशियम नावालाच, ते जवळजवळ सगळं सोडियमच असतं, त्यामुळे "सैंधव चालतं" या समजावर खर्डा आणि लोणचं वाढवू नका.

नुसतं बीपी १३० वर आलं म्हणून डोस पुरेसा झाला असं धरू नका. २०१८ च्या एका अभ्यासात ज्यांचं रेनिन गोळीवरही दबलेलं राहिलं त्यांना हृदय आणि लकव्याचा त्रास जास्त झाला, ज्यांची रेनिन अ‍ॅक्टिव्हिटी १ च्या वर चढली त्यांचा धोका साध्या बीपीइतकाच राहिला. म्हणून काही महिन्यांनी रेनिन परत करून घ्या, आणि डॉक्टरांना तो आकडा दाखवूनच डोस ठरवा.

मिरजेची_लॅब

एक जोडतो. घरात तिशी-चाळिशीत मेंदूत रक्तस्राव झालेले एकाहून अधिक लोक असतील आणि बीपी लहानपणापासून असेल तर ग्लुकोकॉर्टिकॉइडने (स्टेरॉइडने) बरा होणारा अल्डोस्टेरॉनच्या आजाराचा वंशपरंपरागत प्रकार तपासा. त्यातला जनुकीय बिघाड १९९२ साली सापडला. अशा कुटुंबांत मेंदूच्या वाहिन्यांना फुगे येतात, म्हणून वयात आल्यापासून दर पाच वर्षांनी एमआर अँजिओग्राफी सुचवतात. जनुकीय चाचणीला साधं ईडीटीएचं रक्त पुरतं, आणि हा नमुना गार ठेवला तरी चालतो.